जिन्यातलं बोलणं

लग्न होऊन भुकूमला आल्यापासून सोळा वर्षं मी माझ्या थोरल्या दिरांशी एक शब्दही बोलले नव्हते. आमचं भांडण नव्हतं. आमच्या घरात तशी रीत होती. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. काही सांगायचं असेल तर मधल्या माणसाला सांगायचं. मधलं माणूस म्हणजे माझ्या जाऊबाई, त्यांची बायको.

"जाऊबाई, दादांना विचारा, आमटी वाढू का?"

दादा माझ्यापासून हातभर अंतरावर ताटाशी बसलेले असायचे. जाऊबाई मान वळवायच्या. "आमटी वाडू का म्हन्तीया."

"वाड म्हनावं," दादा भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगायचे.

"वाड म्हन्त्यात."

मग मी आमटी वाढायची. तोवर ती थोडी निवलेली असे.

मी लातूरकडची, एम. ए. झालेली. पहिल्या वर्षी ही रीत मला जाचक वाटली आणि तिसऱ्या वर्षी विनोदी. पाचव्या वर्षाच्या सुमारास लक्षात आलं, की माझ्यासारख्या अबोल माणसाची यात मोठी सोय आहे. जवळच्या एका शाळेत मी ग्रंथपाल आहे. दिवसभर पुस्तकांशी न बोलता राहायचं आणि घरी आल्यावर दादांशी. मी कधी वर्गावर शिकवलं नाही, तरी दादा मला 'मास्तरीण' म्हणत, म्हणजे जाऊबाईंना माझ्याविषयी सांगताना म्हणत. कौतुक असलं की 'मास्तरीण', एरवी 'धाकली'.

दादा गेले त्याला आता दहा महिने होतील. दिराचा शोक करायला धाकट्या भावजयीला घरात फारशी जागा नसते. तेराव्यापर्यंत मी स्वयंपाक केला, आलेल्यांना चहा दिला आणि चौदाव्या दिवशी शाळेत गेले. लिहायला बसते तेव्हा मात्र गंमत होते. दुःखाचं लिहायचं म्हणून वही उघडते आणि दोन ओळींत हसू यायला लागतं. त्याला माझा इलाज नाही. त्यांचं आजारपण, निदान त्यातला मधला भाग, हा आमच्या घरातला सगळ्यांत मजेचा काळ होता.

सुरुवात खोकल्यानं झाली. मग एकदा थुंकीत रक्त दिसलं. तपासण्या झाल्या आणि कळलं, की उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात कर्करोग आहे आणि तो छातीच्या मधल्या गाठींपर्यंत गेला आहे. तिसरी पायरी. आधी केमोचे तीन फेरे दिले. गाठ आकसली. मग सर्जनबाईंनी, उंच, भराभर चालणाऱ्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या त्या, सांगितलं, "आता काढता येईल. शरीराला झेपणार असेल तर."

शरीराला झेपेल की नाही हे कशावर ठरतं, ते शोधणं माझ्याकडे आलं. घरात इंग्रजी वाचणारी मीच. शाळेच्या ग्रंथालयात जुन्या कॅटलॉगची कोरी कार्डं पडून होती. संगणक आल्यापासून ती कुणाला नको होती. मी एकेका कार्डावर एकेक कारण लिहीत गेले. रोग किती पसरला आहे. मधल्या गाठींतला केमोनंतर मेला की जिवंत आहे. कापताना कडेला काही उरतं का. फुफ्फुसाचा एक कप्पा काढावा लागतो की अख्खं फुफ्फुस. वय. उरलेलं फुफ्फुस किती चांगलं आहे. तंबाखू सुटली का. वजन. जिने चढायचा दम. ऑपरेशन झाल्यावर माणूस किती लवकर उठून चालायला लागतो. ऑपरेशननंतर कोण किती जगतं हे या सगळ्यावर थोडं थोडं ठरतं, असं मी वाचलेल्या लेखांमध्ये होतं. नक्की काय ते एकाही लेखात नव्हतं.

रविवारी दुपारी मी ती कार्डं स्वयंपाकघरात पसरून बसले होते. जाऊबाई भाजी निवडत होत्या. "ही काय पत्त्यांची कॅट काडलीस?" त्यांनी विचारलं. मी एकेक वाचून समजावलं. त्यांनी हात पुसले आणि कार्डांचे दोन गठ्ठे करायला लावले. जे देवाच्या किंवा डॉक्टरच्या हातात, ते एकीकडे. जे आपल्या हातात, ते दुसरीकडे. आपल्या बाजूला तीनच कार्डं पडली: विडी, वजन, दम.

"तीनच?" जाऊबाई म्हणाल्या. "मंग सोप्पं हाय." आणि ती तीन कार्डं त्यांनी घड्याळामागे खोचून ठेवली.

सोपं नव्हतं, कारण विडीच्या कार्डावर एक खोटं बसलं होतं आणि ते माझ्या अक्षरात होतं.

झालं असं. पहिल्यांदा दवाखान्यात गेलो तेव्हा एक लांबलचक फॉर्म भरायचा होता. माझं अक्षर चांगलं म्हणून तो माझ्याकडे आला. धूम्रपान: दिवसाला किती? मी जाऊबाईंना म्हटलं, "दादांना विचारा, दिवसाला विड्या किती?"

"किती वडता म्हन्तीया."

दादांनी वरच्या पंख्याकडे पाहिलं. "सांग तिला. येकाद दुसरी."

जाऊबाईंना खरं माहीत होतं. दिवसाला विड्यांचा अख्खा कट्टा लागायचा. पण धाकट्या जावेदेखत नवऱ्याला खोटं पाडायचं कसं? त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं, "दोन." मलाही खरं माहीत होतं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोठ्यामागची पेंढ्याची गंज दिसते आणि त्या गंजीमागून रोज संध्याकाळी धूर निघायचा. पण थोरल्या दिरांच्या बाबतीत मी जे पाहायचं नसतं ते पाहिलेलं नसतं. मी 'दोन' लिहिलं. केमो सुरू झाल्यावर पुन्हा विचारलं गेलं, अजून ओढतात का. त्याच वाटेनं उत्तर आलं, "कवाच बंद." मी लिहिलं, 'बंद'. तिघंही एकमेकांचा मान राखत होतो आणि मधल्यामध्ये दादांच्या फुफ्फुसाचा इतिहास खोटा होत होता.

ऑपरेशनच्या आधी दमाची परीक्षा होती. एका नळीत जोरात फुंकायचं, आणि मग दवाखान्याचे पाच मजले न थांबता चढायचे. दादांच्या बोटाला चिमटा लावला, सोबत एक तरुण डॉक्टर दिला. मी आणि जाऊबाई मागून. दुसऱ्या मजल्यावर दादा शिट्टीसारखा श्वास घ्यायला लागले. तिसऱ्याच्या अलीकडे त्यांनी कठडा धरला आणि पायरीवर बसले. ओठ निळसर झाले होते.

सर्जनबाईंनी कागद चाळले. फॉर्मवरचं माझं सुंदर अक्षर वाचलं. "हे तर फार ओढतही नव्हते," त्या म्हणाल्या. "केमोपासून बंदच आहे. तरीही छाती अशी असेल तर मग ही मुळातच इतकी कमजोर आहे. यातून एक कप्पा काढला तर बाकीच्यावर हे जगू शकणार नाहीत. मी नाही करणार ऑपरेशन. औषधं चालू ठेवू." आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

टोपण लावल्याचा तो बारीक टक् आवाज मला अजून ऐकू येतो. मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं. दादा समोरच्या भिंतीवरचं फुफ्फुसाचं रंगीत चित्र बघत होते. कुणीच काही बोलणार नव्हतं, हे मला कळलं. बोललो असतो तर तिघांपैकी एकाची अब्रू गेली असती. आणि न बोलल्यानं काय जाणार होतं, ते समोर बसलं होतं.

मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाले, "दादा, तुम्ही काल संध्याकाळी गंजीमागे विडी ओढलीत."

 जाऊबाईंच्या तोंडातलं पदराचं टोक सुटलं. दादांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सोळा वर्षांत त्यांनी मला समोरून पाहिलं नसावं, कारण ओळख पटवायला त्यांना जरा वेळ लागला.

"येक," ते म्हणाले. मला. थेट.

"चार."

"दोन आसत्याल."

"चार. मी खिडकीतून मोजल्या."

"…चार," दादा म्हणाले.

सर्जनबाई एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. आम्ही दोघं आताच एकमेकांशी पहिल्यांदा बोललो होतो, याची त्यांना काय कल्पना. "म्हणजे अजून चालू आहे?" त्यांनी विचारलं.

"चालू हाय," दादा म्हणाले. त्यांचा चेहरा पडलेला होता. शिक्षा ऐकायला उभ्या राहिलेल्या माणसासारखे ते बसले होते.

आणि सर्जनबाई हसल्या. "मग चांगलं आहे की. मग ही छाती विडीनं अशी आहे. ती सुधारेल." त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. चार आठवडे, त्या म्हणाल्या, त्याहून जास्त थांबता येणार नाही, केमोनंतर फार वेळ गेला तर गाठ पुन्हा डोकं वर काढते. चार आठवड्यांत एकही विडी नाही. वजन वाढवायचं. रोज चालायचं, जिने चढायचे. आणि त्यांनी एक प्लास्टिकचं खेळणं दिलं. तीन उभ्या नळ्या, त्यांत तीन रंगांचे तीन चेंडू. तोंडात नळी धरून श्वास आत खेचायचा, म्हणजे चेंडू वर उडतात. "पाच मजले न थांबता चढून दाखवा, मी तारीख देते."

आम्ही गाडीनं परतलो. मला भीती वाटत होती, की आता संध्याकाळी जेवताना काय होणार. ताट वाढलं. मी म्हटलं, "जाऊबाई, दादांना विचारा, भात वाढू का?" जाऊबाईंनी हुश्श केलं, आणि दादा कॅलेंडरला म्हणाले, "वाड म्हनावं." सगळं जिथल्या तिथे गेलं.

जेवण झाल्यावर ते खेळणं निघालं. दादांनी नळी तोंडात धरली. पहिला चेंडू थरथरला, वर गेला, पडला. बाकीचे दोन हललेही नाहीत. "मला द्या बगू," म्हणून माझ्या नवऱ्यानं घेतलं. तो एका कंपनीत पाळीवर जातो आणि व्यायामाच्या गप्पा मारतो. त्याचे दोन वर गेले. मग मी. मी इतका जोर लावला, की डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी ओट्याला टेकून उभी राहिले. चेंडू दीड. शेवटी जाऊबाई. हात पुसून त्यांनी नळी घेतली, सहज श्वास आत घेतला आणि तिन्ही चेंडू टपटपटप वर जाऊन तिथेच राहिले. आम्ही बघत राहिलो. जाऊबाई डोळ्यांनीच विचारत होत्या, अजून किती वेळ धरू.

"ठेव खाली," दादा म्हणाले. "आजारी कोन हाय, तू का मी?"

"आजारी तुमी. दम माजा," जाऊबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून ते खेळणं घरात रिकामं राहिलं नाही. दूधवाला फुंकून गेला, त्याला सांगावं लागलं, फुंकायचं नाही, खेचायचं. शेजारची म्हातारी दोन चेंडू उडवून गेली आणि चार घरं सांगत सुटली. सकाळी चहाबरोबर सगळ्यांची डोकी गरगरलेली असायची, आणि त्या गरगरण्यात सगळे विनाकारण हसत असायचे.

वजनाचं कार्ड जाऊबाईंनी घेतलं. अंडी, शेंगदाण्याचे लाडू, तांदळाच्या भाकरीवर लोण्याचा गोळा. दादा शनिवारी काही खात नसत. पहिल्या शनिवारी त्यांनी ताट मागे सारलं, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "मारुतीला मी सांगून आलीया. म्हैनाभर रजा दिलीया त्यानं."

"मला न्हाई सांगितलं त्यानं."

"तुमच्याशी तो थेट बोलत न्हाई."

दमाचं कार्ड माझ्याकडे राहिलं. आमचं घर बैठं. भुकूममध्ये जिने आहेत ते नव्या इमारतींना, आणि सगळ्यांत जवळची इमारत, अकरा मजल्यांची, उभी होती आमच्याच जुन्या भाताच्या खाचरावर. काही वर्षांपूर्वी जमीन विकली, तिथे ती उभी राहिली. दादा विकल्यापासून त्या बाजूला फिरकले नव्हते. रस्त्यानं जातानाही दुसरीकडे बघत.

"दुसरा जिना न्हाई का कुटं?" त्यांनी जाऊबाईंमार्फत विचारलं. नव्हता.

दारावरच्या वॉचमननं अडवलं. "किसके यहाँ जाना है?"

"वावरात," दादा म्हणाले.

वॉचमननं मोबाइलमध्ये तो फ्लॅट शोधला. मिळाला नाही. त्या इमारतीत राहणारी नागपूरकडची एक मुलगी, आयटीत काम करणारी, आमच्या ग्रंथालयातून पुस्तकं नेते. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "काकू, या ना. जिन्यात कोणीच येत नाही, सगळे लिफ्टनं जातात." त्यानंतर महिनाभर रोज सकाळी सात वाजता तिच्या मोबाइलवर घंटी वाजायची, पाहुणे दोन, आणि ती झोपेत बोट दाबायची.

दोनच, कारण जाऊबाईंचे गुडघे दुखत. त्या खाली बागेतल्या बाकावर बसत आणि जिन्यात आम्ही दोघंच, मधल्या माणसाशिवाय.

पहिल्या दिवशी आम्ही गप्प चढलो. दादा पुढे, मी चार पायऱ्या मागे. दुसऱ्या मजल्यावर ते थांबले. मला पाणी द्यायचं होतं, पण बाटली कुणामार्फत द्यायची? मी ती पायरीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरले. त्यांनी ती उचलली, पाणी प्यायले, पायरीवर ठेवली, आणि कठड्याला म्हणाले, "बरं वाटलं." कठडा काही बोलला नाही. मीही नाही.

तिसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर ते पायरीवर बसले. श्वास जाग्यावर आल्यावर त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. मग म्हणाले, "मास्तरीण, जिन्यात कुनी ऱ्हातं का?"

"नाही," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

"म्हंजी हे कुनाचं घर न्हाई."

"नाही."

"घर न्हाई तर रीत कुटली?" त्यांनी बंडीच्या खिशातून अर्धा कट्टा काढला आणि पायरीवर ठेवला. "उचल. आन् खिडकीत हुबं ऱ्हायाचं बंद कर आता."

तो कट्टा मी शाळेत नेला आणि जुन्या कॅटलॉगच्या एका रिकाम्या खणात ठेवला. अजून तिथेच आहे.

त्या दिवसापासून जिन्यात आम्ही बोलायला लागलो, आणि खाली आलो की पुन्हा जाऊबाईंमार्फत. दोन्हीकडे कुणाची चूक झाली नाही. सोळा वर्षांचं साठलेलं असं बरंच निघालं. लग्नात माझ्या वडिलांनी त्यांना एक इंग्रजी प्रश्न विचारला होता आणि ते अंदाजानं 'यस' म्हणाले होते. तो प्रश्न काय होता ते त्यांना तेव्हापासून विचारायचं होतं. मला आठवत होता. वडिलांनी विचारलं होतं, आपल्याला मधुमेह आहे का. दादा पायरीवर बसून इतके हसले, की चौथ्या मजल्यावरचा कुत्रा दारामागून भुंकायला लागला. "तरीच," ते म्हणाले, "तुजा बाप परत्येक सणाला मला बिनसाकरंचा चा द्यायचा."

आणि जमीन. ती ते मजल्यांनी मोजायला लागले. हितं बरोबर खाली तरवा असायचा, म्हणजे लावणीची रोपं. हितं बांध. हा तिसरा मजला म्हंजी चिंचंचा शेंडा, हितवर चढलोय मी. चौथ्याच्या पुढं आपलं काईच नव्हतं, पाखरांचं व्हतं. पाचव्या मजल्यावर पहिल्यांदा न थांबता पोचलो, त्या दिवशी तिथल्या खिडकीतून त्यांनी कितीतरी वेळ बाहेर पाहिलं. पौडचा रस्ता, पलीकडचे डोंगर, आमचं घर, घरामागची गंज. "सातबाऱ्यावर निस्तं खालचं लिवलं व्हतं," ते म्हणाले. "ह्ये वरचं कुनी मोजलंच न्हाई. फुकाट गेलं की."

चौथ्या आठवड्याच्या शेवटी, दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी, ते पाचव्यावर थांबलेच नाहीत. सहा, सात. मी मागून "दादा, पुरे" म्हणत राहिले. आठ, नऊ, दर मजल्यावर एकदा कठड्याला टेकून. अकराव्याच्या वर गच्चीचं दार उघडं होतं. गच्चीवर पोचलो तेव्हा आमची दोघांची डोकी भणभणत होती. मी एकदम खाली बसले. दादा कठड्याशी गेले आणि जीव खाऊन ओरडले, "आगंऽऽ, हितं वर बग." खाली बाकावर एक हिरवा ठिपका होता. त्या ठिपक्यानं आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग गेटकडे. वर बघायचं त्याच्या डोक्यातच येईना. तिथे माणूस असू शकतो हे जाऊबाईंच्या हिशेबातच नव्हतं. आम्ही हसून हसून गच्चीवर लोळायचे बाकी होतो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचे पाच मजले त्यांनी तरुण डॉक्टरच्या पुढे राहून चढले. वजन तीन किलो वाढलं होतं. सर्जनबाईंनी तारीख दिली.

उजव्या फुफ्फुसाचा वरचा कप्पा काढला. अख्खं काढावं लागलं नाही. शुद्धीवर आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांना उठवून चालवलं, छातीतून निघालेल्या नळीची बाटली हातात धरून. नर्स म्हणाली, असे पेशंट थोडे. जाऊबाई तिला म्हणाल्या, "त्यांस्नी आठ दिस बाजंवर निजवलं तर ते विडी वडाया गंजीमागं जात्याल."

अहवाल आला. कडा स्वच्छ होत्या. मधल्या गाठींपैकी एका गाठीत मात्र अजून जिवंत रोग होता. सर्जनबाई म्हणाल्या, ही चांगली बातमी आहे, पण पूर्ण चांगली नाही. मी घरी येऊन देवाच्या गठ्ठ्यातलं मधल्या गाठींचं कार्ड काढलं आणि त्यावर लिहिलं: एक.

दीड महिन्यानं आम्ही पुन्हा जिन्यात होतो. दादांनी विचारलं, "तुज्या कागदांत काय म्हन्त्यात? माजं किती?"

"किती ते त्यांना सांगता येत नाही," मी म्हणाले. "त्यात एक चित्र असतं. जिन्यासारखं. डावीकडून उजवीकडे खाली खाली येत जातं. प्रत्येक पायरी म्हणजे कुणीतरी गेलं."

त्यांनी विचार केला. "आन् पायरीचा आडवा भाग?"

"तेवढे दिवस कुणी गेलं नाही."

"मंग आडव्यावर चालू आपुन," दादा म्हणाले आणि उठले.

तीन वर्षं आणि थोडे महिने आम्ही आडव्यावर चाललो. भाताच्या तीन काढण्या झाल्या, उरलेल्या तुकड्यातल्या. ते रोज जिना चढत. इमारतीतले लोक त्यांना ओळखायला लागले. कुणी 'काका' म्हणे, कुणी भाताची चौकशी करी. वॉचमन उठून सलाम करायचा आणि मोबाइल न बघता दार उघडायचा. "वावर," तो म्हणायचा.

मग पाठ दुखायला लागली. तपासलं तर रोग हाडात आला होता आणि दुसऱ्या फुफ्फुसातही. गोळ्या चालल्या, काही महिने उपयोगी पडल्या, मग नाही. ऑक्सिजनचं यंत्र घरी आलं. एके दिवशी सकाळी दादा कॅलेंडरला म्हणाले, "धाकलीला सांग, गच्चीवर जायचंय."

चाकाची खुर्ची, लहान सिलिंडर, जाऊबाई आणि मी. या वेळी जाऊबाई बाकावर थांबल्या नाहीत. लिफ्टचं दार लागलं. आतल्या आरशासमोर जाऊबाईंनी पदर सारखा केला. दादांनी मजल्यांचे आकडे पेटताना पाहिले आणि बायकोला म्हणाले, "इचार तिला. लिप घरात मोडती का जिन्यात?"

"तुमीच इचारा. मी काय टपाल हाय?"

"जिन्यात," मी म्हणाले.

"मंग सांगतो," दादा म्हणाले. एकेका वाक्याला त्यांना श्वास गोळा करावा लागत होता. "डाक्टरनीसमोर तू चार म्हनलीस. गंजीमागं."

"हो. चारच होत्या. मी मोजल्या होत्या."

"तुजी मोजनी चुकली. सा व्हत्या. दोन तू खिडकीत यायच्या आदी."

 जवळजवळ चार वर्षं त्यांनी ते सांभाळून ठेवलं होतं. आठवा मजला गेला. दादांच्या नाकातली नळी हलायला लागली. ते हसत होते.

"सात," जाऊबाई आरशातच बघत म्हणाल्या. "येक मी चुलीवर पेटवून दिल्ती. म्हनलं, आता काय, उद्या दमाची परीक्षाच हाय म्हन्त्यात."

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा आम्हा तिघांना बाहेर पडायला वेळ लागला. दार बंद झालं, पुन्हा उघडलं. कठड्याशी खुर्ची लावली. दादांनी खाली बाकाकडे पाहिलं. तो रिकामा होता, त्यामुळे ओरडायचं कारण नव्हतं. आम्ही ऊन लागेपर्यंत बसलो.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी ते गेले. कार्डं अजून माझ्याकडे आहेत. विडीच्या कार्डावर मी पूर्वी माझ्या सुंदर अक्षरात 'दोन' लिहिलं होतं, मग ते खोडून 'चार'. परवा ते काढलं, चार खोडलं आणि सात लिहिलं. जाऊबाईंना दाखवलं. त्यांना वाचता येतं तेवढं. त्यांनी ते दूर धरून पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा घड्याळामागे खोचून ठेवलं.